टाकीजवळचे तीन क्यूब

दुष्काळाचं दुसरं वर्ष, गुढीपाडव्याचा दुसरा दिवस, सकाळचे सव्वाअकरा. अडकलेली रक्कम अकरा लाख साठ हजार रुपये. हजर माणसं तीन: डोंगरपट्ट्यातल्या एका मजूर सहकारी संस्थेचे चेअरमन, मी, आणि ते. टेबलावर काँक्रीटचे तीन ठोकळे ठेवलेले होते. चेअरमन त्यांच्याकडे बघत होते, मी चेअरमनकडे, आणि ते मशीनच्या काट्याकडे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. पूल, शाळाखोली, पाण्याची टाकी, काहीही बांधताना ओतायच्या काँक्रीटमधलंच थोडं काढून लोखंडी साच्यात भरतात. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की वीतभराहून जरा लहान, सहाही बाजू सारख्या असा ठोकळा निघतो. त्याला क्यूब म्हणतात. तो अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचा. त्या टाकीच्या क्यूबनं पंचेचाळीस टन सोसायला हवे होते. सोसले तर टाकी पास, बिल निघणार, गावाला टाकी मिळणार. नाही सोसले तर काहीच नाही.

ते म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य तपासनीस. जिल्ह्यातल्या मजूर संस्थांचा एक संघ होता, त्या संघाची ही प्रयोगशाळा, बीडमध्ये गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. वरच्या इंजिनिअरची जागा मी होतो तोपर्यंत रिकामीच राहिली, त्यामुळे तपासणीतला शेवटचा शब्द त्यांचा. मी हिशेब बघायचो. अकरा वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून होती. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय हो हिशेब" असं म्हणायचे. मीही इथं त्यांचं नाव लिहीत नाही.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर अठ्ठावीसपासूनच सुरुवात करावी लागेल. काँक्रीट अठ्ठावीस दिवसांनी आपलं खरं बळ दाखवतं, हा नियम. त्यांनी तो माणसांना लावला. ऑफिसात नवीन शिपाई आला, मी विचारलं, "कसा वाटतो?" म्हणाले, "अठ्ठावीस दिवसांनी सांगतो." नवा पालकमंत्री आला, पेपरात मोठा फोटो, "बघू अठ्ठावीस दिवस." त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा वहिनींनी पेढे आणून ठेवले होते. त्यांनी ते वाटू दिले नाहीत. आमच्यापर्यंत पोचले तेव्हा पेढे दगड झाले होते. मी म्हणालो, "आता हे मशीनमध्ये घाला." त्यांना राग आला नाही. त्यांनी खरंच एक पेढा टेबलावर ठोकून पाहिला आणि म्हणाले, "पास आहे. खा."

ठोकून बघायची त्यांना सवयच होती. भिंत, खांब, माठ, कलिंगड, दुसऱ्याच्या घराचा ओटा. लग्नाला गेले की मांडवात न बसता आधी कार्यालयाच्या गॅलरीखाली जाऊन वर बघायचे आणि मग गॅलरीपासून लांब खुर्ची ओढायचे. वाळू दिसली की चिमूटभर तोंडात टाकायचे. दाताखाली कचकचली तर चांगली, मऊ लागली तर मातीची. सिमेंटच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. आत गार लागलं पाहिजे. हे सगळं जुन्या कामगारांना येतंच, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे की त्यांना ते थांबवता यायचं नाही.

त्यामुळे त्यांचं स्वतःचं घर कधी झालं नाही. बायपासच्या बाजूला एक प्लॉट घेतला होता. त्यावर सतरा वर्षं बाभळी वाढल्या. वाळू आली की परत, विटा आल्या की परत. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांना घर नको हाय, घराची परीक्षा पायजे. अन् परीक्षेला बसवायला घर तरी पायजे का न्हाई?" दोघी हसल्या. पण वहिनी भाड्याच्या दोन खोल्यांतच म्हाताऱ्या झाल्या, हेही खरं.

क्यूबशी मात्र ते मायेनं वागायचे. फोडायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचे, कडा बोटानं तपासायचे. मग मशीनचा दांडा हापसायला लागायचे. आमचं मशीन हातानं चालणारं. ते बिघडलं की शेजारच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा येऊन ऑइलसील बदलून जायचे. चाचा म्हणायचे, "साब, ये मशीन तो अपनी उमर का है, इसकू भी रिटायर करो." हे म्हणायचे, "आधी तू हो, मग मी होतो, मग त्याचं बघू."

ठेकेदारांना ते आवडत नसत आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे एक जुनी रीत होती, सगळ्यांना माहीत असलेली. प्रत्यक्ष कामाचं काँक्रीट वेगळं आणि तपासणीच्या क्यूबचं वेगळं. क्यूबसाठी खास घमेलंभर माल कालवायचा, सिमेंट दुप्पट, वाळू धुतलेली. असल्या क्यूबला ते 'जावई' म्हणायचे. एकदा एका ठेकेदारानं पुलाचे तीन क्यूब आणले. काटा साठ टनांच्या पुढं गेला तरी क्यूब फुटेना.

"अभिनंदन," ते म्हणाले. "आता ह्याच मालाचा पूल बांधा."

"पूल झाला की साहेब. गाड्या बी चालू झाल्या."

"मग त्याचा क्यूब कुठाय?"

ठेकेदार हसला. पण आकडा साठचा होता, त्यामुळे त्यांना पासच लिहावं लागलं. सही करताना त्यांचं तोंड कडू झालेलं मला दिसायचं. म्हणायचे, "हिशेब, मी पुलाची परीक्षा घेतच न्हाई. मी जावयाची घेतो. जावई बिचारा पास होतो, अन् पूल कधी परीक्षेला बसतच न्हाई."

हे त्यांच्या मनात वर्षानुवर्षं साचत होतं. त्यात दुष्काळ आला.

पहिल्या वर्षी बोअर आटले. दुसऱ्या वर्षी शहरात आठ-दहा दिवसांनी नळ, तोही पाऊण तास. आमच्या घरी आम्ही टँकरवाल्याकडून पाणी घ्यायचो, महिन्याला किती हे मी लिहून ठेवत होतो आणि आकडा बघून बायकोला सांगत नव्हतो. प्रयोगशाळेत मात्र क्यूब बुडवायचा सिमेंटचा मोठा हौद होता, आणि त्याला संघाचा टँकर नियमानं यायचा. पत्र्याच्या शेडबाहेर वस्तीतल्या बाया तो टँकर रिकामा होताना बघत उभ्या राहायच्या. हौदातलं जुनं पाणी चुनखडीचं, प्यायच्या कामाचं नाही. पण टँकरमधलं नवं पाणी पिण्याजोगं होतं, आणि ते आम्ही दगडांना पाजत होतो.

एका दिवशी टँकर आला तेव्हा त्यांनी पाइप हौदात सोडू दिला नाही. शेडचं दार उघडलं आणि बायांना म्हणाले, "रांग लावा. भांडण केलं तर पाइप बंद करीन." कुणी भांडलं नाही. दोन हंडे आमच्या घरीही गेले. त्याच दिवशी त्यांनी हौदातले सगळे क्यूब बाहेर काढून ओळीनं मांडले आणि मला म्हणाले, "हिशेब, एक परिपत्रक टाइप करा."

परिपत्रकात दोन गोष्टी होत्या. यापुढे क्यूब कामाच्या मालातूनच, आमच्या माणसासमोर भरायचे. आणि ते प्रयोगशाळेत आणायचे नाहीत. कामावरच, कामाजवळ ठेवायचे. कामाला जेवढं पाणी घातलं जाईल तेवढंच क्यूबला. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा बदलून घेतलं: 'अशा रीतीने ठेवलेला क्यूब हाच त्या कामाचा खरा प्रतिनिधी समजण्यात यावा.' ते वाचून त्यांनी टेबलावर टकटक केलं. मी त्यांना इतकं समाधानी कधी पाहिलं नव्हतं. एका दगडात दोन पक्षी मारले होते. दगडांचं पाणी माणसांना मिळालं आणि जावयांची सोय बंद झाली. संघाच्या सचिवांनी न वाचता सही केली. टँकरचा खर्च वाचतोय एवढंच त्यांनी बघितलं.

त्या परिपत्रकाखाली आलेली पहिली मोठी परीक्षा म्हणजे ही टाकी.

गाव डोंगरपट्ट्यात, उंचावर. टँकरचं पाणी साठवायला तिथं काहीच नव्हतं. टँकर आला की लोक पाइपाखाली तुटून पडायचे, निम्मं पाणी मातीत. म्हणून उंचावर पक्की टाकी बांधायची, टँकर तिच्यात रिकामा करायचा आणि खाली नळानं सोडायचं, अशी ती साधी योजना. पुढं विहिरीची पाइपलाइनही तिलाच जोडायची होती. काम पाणीपुरवठा विभागाचं, ते गावातल्याच मजूर संस्थेला मिळालं. चेअरमन स्वतः गवंडी होते, सभासद सगळे गावचेच. म्हणजे बांधणारे तेच आणि पिणारेही तेच. असल्या कामात कुणी सिमेंट खाईल असं मलाही वाटत नव्हतं.

तर त्या सकाळी त्यांनी पहिला क्यूब पुसला आणि मशीनमध्ये ठेवला. दांडा हापसायला सुरुवात केली. काटा वीसवर गेला, पंचवीस, तीस. तेहतीसला क्यूबच्या कोपऱ्यातून भुगा सांडला आणि काटा मागं फिरला. दुसरा एकतीस. तिसरा चौतीस.

चेअरमननी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, तेहतीस म्हंजे किती कमी?"

"बारा टन."

"बारा म्हंजे लई हाय का?"

"पंचेचाळीसमधनं बारा."

"गणित मला बी येतं साहेब. मी इचारतोय, टाकी फुटंल का?"

ते भुगा बोटांत घेऊन चोळत राहिले.

"शिमिट खाल्लं न्हाई आमी. लेकराची आन घेऊन सांगतो."

"सिमेंट बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसतंय मला. पाणी मिळालं न्हाई त्याला."

"पाणी तर गावाला बी न्हाई मिळालं."

"टाकीवर मारायला टँकर दिला होता ना विभागानं? बॅरल भरून ठेवले होते?"

"व्हते की."

"मग पाणी गेलं कुठं?"

चेअरमननी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "बायांनी नेलं. बॅरलमदलं प्यायला. अन् भिंतीला वली गोनपाटं गुंडाळली व्हती, ती पिळून म्हशीला."

"राखण न्हाई ठेवली?"

"ठिवली की. ज्याला राखणीला ठिवला त्याचीच माय पयली आली हंडा घेऊन. मग म्या सोता बसलो. तर माझीच बायको आली. म्हणली, सरका बाजूला. आता तिला काय म्हनू, काठी मारू?" चेअरमन थोडं हसले. कुणी साथ दिली नाही म्हणून थांबले. "साहेब, टाकी भरली की पानी मिळंल, हे समद्यांना ठाव व्हतं. पर ते म्हैनाभरानं. तहान त्या दिसाची व्हती."

त्यांनी अहवाल लिहिला. तेहतीस, एकतीस, चौतीस. नापास. सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. चेअरमन टोपी घालून "येतो" म्हणून गेले. चहा सांगितला होता, तो तसाच राहिला.

चार दिवसांनी ते मला म्हणाले, "हिशेब, उद्या रजा टाका. टाकी बघून येऊ." इतक्या वर्षांत नापास केलेलं काम ते पुन्हा बघायला कधी गेले नव्हते.

एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. टाकी चांगली दिसत होती. करडी, गुळगुळीत, नव्या भांड्यासारखी. ते तिच्याभोवती ठोकत फिरले. कान लावला. मी विचारलं, "काय म्हणते?" त्यांनी मान हलवली. म्हणाले, "ठोकून एवढं कळत असतं तर मशीन कशाला घेतलं असतं?"

चेअरमनच्या घरी गेलो. चहा आला तो निव्वळ दुधाचा. गावात म्हशीचं दूध थोडंफार होतं, चहात घालायला पाणी नव्हतं. चेअरमनच्या बायकोनं कप ठेवले तेव्हा तिचे तळहात दिसले. सिमेंटच्या चुन्यानं सोलवटले होते. ओली गोणपाटं पिळून.

"टाकी नापास झाली म्हंत्यात," ती म्हणाली. "तुमीच केली का?"

"मी न्हाई बाई. मशीननं केली."

"मशीनला हात कुनी लावला?"

"मी."

"मंग तुमीच की." तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारातला भाव विचारावा तसं बोलत होती. "आमाला कळत न्हाई असं न्हाई भाऊ. भितीला पानी पायजे, कळतं. पर भिंत वरडत न्हाई अन् म्हैस वरडती. लेकरू बी वरडतं. मंग हात तिकडंच जातो."

ते कपाकडं बघत होते. त्यांनी तो चहा पिऊन टाकला, कप उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एवढंच.

परतीच्या एस.टी.त मांजरसुंब्याचा घाट लागला. ते खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "हिशेब, क्यूब तिथं ठेवायला सांगितले नसते तर?"

"तर आपल्या हौदात पाण्यात राहिले असते."

"अन् पास झाले असते."

"बहुतेक."

"टाकी हाय तशीच राहिली असती."

"हो."

"बिल निघालं असतं. पाणी भरलं असतं."

"हो."

"मग मी खोटं काय सांगितलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो. मला तेव्हाही तसंच वाटत होतं आणि आजही दुसरं उत्तर सुचत नाही.

यात नवा मुद्दा काढला तो अंबाजोगाईच्या एका तरुण प्राध्यापक बाईंनी. त्या विद्यार्थ्यांना मशीन दाखवायला अधूनमधून यायच्या. त्यांनी फुटलेल्या क्यूबचे तुकडे बघितले, परिपत्रक वाचलं आणि म्हणाल्या, "काका, एक विचारू? बशीतला चहा आधी गार होतो की पातेल्यातला?"

"बशीतला."

"तसंच हे. क्यूब एवढासा, सहाही बाजूंनी वाळतो. टाकीची भिंत जाड आहे. तिच्या आतला ओलावा इतक्या लवकर जात नाही. दोघांना सारखंच पाणी घातलं तरी क्यूब जास्त तहानतो. तुमचे क्यूब टाकीपेक्षा कच्चे निघाले असणार."

त्यांचा हात भुग्यातच थांबला. "म्हणजे टाकी बरी असंल?"

"असू शकते. नक्की नाही सांगता येणार. टाकीच्याच भिंतीला गोल भोक पाडून नमुना काढावा लागेल. आणि काका, पुन्हा ओली ठेवली तर ती अजूनही थोडी भरेल. काँक्रीट अठ्ठावीस दिवसांनी मरत नाही, ती आपली मोजायची सोय आहे."

त्या गेल्यावर ते माझ्याकडं वळले. चेहरा असा की नापास झालेल्या पोराला कुणी फेरतपासणीचं सांगावं. त्याच दिवशी त्यांनी विभागाला पत्र लिहिलं: क्यूब टाकीपेक्षा लवकर वाळले असण्याचा संभव आहे, तरी अंतिम निर्णयापूर्वी भिंतीचा नमुना काढून तपासावा. अशी चूक लिहून देणारा तपासनीस मी दुसरा पाहिला नाही.

उत्तर यायला दीड महिना लागला. मी ते त्यांना वाचून दाखवलं, कारण त्यांनी चष्मा शोधण्याचं नाटक केलं. विभागानं लिहिलं होतं की आपल्याच परिपत्रकानुसार 'अशा रीतीने ठेवलेला क्यूब हाच त्या कामाचा खरा प्रतिनिधी समजण्यात यावा'. सबब पुन्हा तपासणीचा प्रश्न उद्भवत नाही. संस्थेला हवं असल्यास स्वखर्चानं नमुना काढावा.

भोक पाडायचं मशीन औरंगाबादहून आणायला, वाहतुकीसह अठरा हजार. शिवाय ते चालताना त्याच्या पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं. संस्थेचं बिल अडकलेलं, सभासदांची मजुरीच थकलेली. तिथं अठरा हजार कुठले? ते म्हणाले, "मी देतो." प्रॉव्हिडंट फंडातून काढायचा अर्जही माझ्याकडंच दिला. विभागाचं म्हणणं पडलं की ज्यानं निकाल दिला त्यानंच फेरतपासणीचा खर्च करणं योग्य नाही. हा आक्षेप बरोबर होता. मी विभागाच्या जागी असतो तर मीही तोच घेतला असता. मला तेच जास्त खुपलं. कुठंच कुणी चुकत नव्हतं.

त्यानंतर ते बदलले. बदल आमच्याशिवाय कुणाला दिसला नसता. ठोकणं थांबलं. नवीन शिपायाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "असंल चांगला." क्यूब पुसायचे नाहीत, ठेवायचे आणि हापसायचे. वहिनींनी प्लॉट विकायचा विषय काढला तेव्हा लगेच हो म्हणाले. वहिनी माझ्या बायकोजवळ रडल्या. "इतकी वर्सं घर व्हावं म्हणून भांडले. आता विकायला एका शब्दात तयार झाले, तर मलाच भ्या वाटतंय."

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. जोरात नव्हे, पण आश्विनापर्यंत टिकून राहिला. त्या गावची टाकी रिकामीच होती. भरू नये असा लेखी आदेश होता आणि खालचं तोंड उघडं ठेवलं होतं. पण पावसाला आदेश लागू नव्हता. तिच्या भिंती महिनोन्महिने ओल्या राहिल्या. त्या काळात ते दोनदा रजा टाकून गेले. कुठं ते सांगितलं नाही. नंतर चेअरमननी सांगितलं, "साहेब यायचे, भितीला हात लावून उभं ऱ्हायचे अन् जायचे. च्या बी घेयचे न्हाईत."

मग दुसऱ्या एका योजनेत त्या गावाला नवी टाकी मंजूर झाली. जागा तीच, कारण उंच जागा तेवढी एकच. जुनी पाडायची होती. त्यांनी विभागाला पुन्हा पत्र लिहिलं, निदान पाडण्याआधी तरी तपासा. त्याचं उत्तर आलंच नाही. पाडायचं काम निविदेशिवाय स्थानिक मजूर संस्थेला द्यायचा नियम होता. म्हणजे त्याच संस्थेला. आणि दर ठरला कच्च्या काँक्रीटचा, म्हणजे कमी, कारण ते कच्चं आहे असा आमचा अहवाल फाइलमध्ये होता.

काम सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले आणि चेअरमन बीडला आले. खांद्यावर पोतं. त्यांनी ते टेबलाशेजारी उतरवलं तेव्हा फरशी वाजली.

"साहेब, छिन्न्या मोडायल्यात. घनाचं दांडं तुटलं. दिसभरात हातभर भिंत पडत न्हाई. ह्या दरात आमाला परवडत न्हाई. विभाग म्हणतोय, काँक्रीट पक्कं हाय असा तुमचा दाखला आणा, मग पक्क्याचा दर देऊ." पोत्याकडं बोट दाखवून चेअरमन म्हणाले, "भितीच्या बुडाशी जाड हाय तिथलं आणलंय, बिगर लोखंडाचं. आता तरी पास करा."

ते उठले. एका फरशीवाल्याकडं जाऊन फरशी कापायच्या पात्यावर त्या तुकड्यांतून तीन क्यूब कापून आणले. दुपार गेली त्यात. मग मशीनसमोर उभे राहिले. त्यांनी दांडा धरला आणि पुन्हा सोडला, म्हणून मी म्हणालो, "मी करतो." त्यांनी मला करू दिलं. ते फक्त काटा बघत होते.

अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. एकोणपन्नास.

चेअरमननी आकडे ऐकले. थोडा वेळ त्यांच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"म्हंजे टाकी चांगली व्हती?"

"तेव्हाचं मला सांगता येणार न्हाई," ते म्हणाले. "आता चांगली आहे."

"आता कुठं हाय साहेब? आता पोत्यात हाय."

ते खुर्चीवर बसले. चेअरमननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तुमी काय मुद्दाम केलं का? ल्ह्या दाखला. पोरांची मजुरी तरी सुटंल."

त्यांनी दाखला लिहिला. अक्षर नेहमीसारखंच होतं. सही केली, शिक्का मारला आणि नापासच्या अहवालाखाली त्याच फाइलला लावायला माझ्याकडं दिला. एकाच टाकीचे, एकाच माणसाच्या सहीचे दोन कागद. दोन्ही खरे. मी वेळोवेळी ते दोन्ही वाचलेत. एकही आकडा खोटा नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते दोघं मुलाकडं गेले. निरोप समारंभ नको म्हणाले. नव्या माणसानं आल्या आठवड्यात परिपत्रक रद्द केलं, हौद भरून घेतला, आणि क्यूब पुन्हा पाण्यात गेले. ते वारल्याचं मला वर्षभरानं, वहिनींच्या फोनवरून कळलं. "शेवटी शेवटी लई गप झाले व्हते," एवढंच त्या म्हणाल्या. नव्या टाकीचं काम अजून जोत्यावर होतं. त्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा रस्त्यावरच रिकामा होत होता.

टाकी बांधल्याचे अकरा लाख साठ हजार रुपये संस्थेला कधीच मिळाले नाहीत. काम नापास, सबब देय नाही, अशा शेऱ्यानिशी ते प्रकरण बंद झालं. टाकी पाडल्याचे मिळाले. मूळ दरानं ब्याण्णव हजार, आणि काँक्रीट अहवालापेक्षा मजबूत निघाल्यामुळं दरातला फरक एकतीस हजार दोनशे. हा फरकाचा चेक संघामार्फत मी स्वतः काढला आणि चेअरमनच्या हातात दिला.